बार्टल गार्गनची तीन वेटोळी

कॅरिकबॉन, परगणा मीथ
११ जानेवारी १९९८

मॅलकी,

बाबांचं खरं होतं!

पाकीट उघडताच हेच तुझ्या डोळ्यांत शिरावं म्हणून वर 'प्रिय' वगैरे काही लिहिलं नाही. पत्र फाडून टाकणार असशील तर आता खुशाल फाड. वाचायचं ते वाचून झालंय तुझं.

फाडलं नसशील तर ऐक. नाताळच्या आदल्या दिवशी इकडे भयंकर वादळ झालं. चर्चच्या आवारातली बीच जातीची दोन झाडं गेली, तीन दिवस वीज नव्हती, आणि आपल्या जुन्या गोठ्याची पश्चिमेची भिंत बसली. माणसाला किंवा गुराला लागलं नाही. चौथ्या दिवशी पॅकी फॅरली ट्रॅक्टर घेऊन दगड बाजूला करायला आला. हो, तोच शेजारचा पॅकी. आता साठीला आलाय आणि जिभेला हाड अजून नाहीच.

तो दगड तुला आठवतोच. गोठ्याच्या आतल्या अंगाला, दाराच्या डावीकडचा. तो पालथा पडला होता. म्हणजे इतकी वर्षं भिंतीच्या पोटात गाडलेली त्याची पाठ आभाळाकडे होती. मी म्हटलं, "पॅकी, थांब. त्याच्या पाठीवर काहीतरी आहे."

"शेण असेल."

"भिंतीच्या आत शेण कुठून येईल, गाढवा?"

मी बादलीभर पाणी ओतलं. जिथे चुना सुटला होता तिथे एक वेटोळं दिसलं. त्याला लागून दुसरं. खाली लाटांसारख्या रेघा. बाकी सगळं चुन्याखाली, दगडासारख्या घट्ट झालेल्या चुन्याखाली. पॅकीनं टोपी काढली. तो चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला बसतानासुद्धा टोपी काढायला विसरतो.

"डर्व्हला," तो म्हणाला, "ही भिंत कुणी बांधली?"

"खापरपणजोबांनी."

"मग तुझ्या बापानं, बार्टलनं, ही बाजू कधी कोरली? आईच्या पोटात असताना?"

आणि मी अंगणात, चिखलात, बावन्न वर्षांची बाई, ओरडले रे. इतकी ओरडले की त्याचा कुत्रा ट्रॅक्टरखाली जाऊन बसला.

तुला सगळं आठवत असणार, तरी मला एकदा माझ्या हातानं लिहू दे. सत्तावन्न सालचा वसंत. बाबा गोठ्याला चुना मारण्याआधी जुने थर खरवडत होते आणि त्या दगडावर त्यांना एकमेकांत गुंतलेली तीन वेटोळी दिसली. त्यांनी डब्लिनच्या पुराणवस्तू खात्याला पत्र लिहिलं. कोट घातलेले साहेब आले. त्यांनी भिंग काढलं, खाचांत पोलादाचे ताजे ओरखडे दाखवले आणि विचारलं, "गार्गन, तुम्ही न्यूग्रेंजच्या प्राचीन थडग्यात जाऊन आला आहात ना?" बाबा सरळ माणूस. म्हणाले, "हो, दोनदा, सायकलवरून." साहेब हसले. आतल्या खोलीतल्या दगडावर अशीच तीन वेटोळी आहेत. शेतकऱ्यानं पाहिली आणि घरी येऊन नक्कल केली, झालं. गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली. गुरांच्या बाजारात लोक विचारू लागले, "काय बार्टल, आज छिन्नी नाही आणली? या गायीच्या पाठीवर एखादं वेटोळं काढून दे की!"

आणि मग साहेबांकडे ती बाबांनीच कोरल्याची घरातल्याच कुणाची तरी साक्ष गेल्याचं कळलं. टॉर्मी मास्तरांच्या मार्फत. तू तेव्हा संध्याकाळी मास्तरांकडे परीक्षेच्या अभ्यासाला जायचास. बाबांनी जेवताना विचारलं, "तू बोललास?" तू काटा खाली ठेवलास आणि काहीच बोलला नाहीस. पंधरा दिवसांनी बोटीत बसलास.

असो. भिंत पडली. आपण जिंकलो. मी गॉलवेला पत्र टाकलंय, तिथे पुराणवस्तूंच्या जाणकार बाई आहेत म्हणे.

तुझी
डर्व्हला


८ मार्च १९९८

मॅलकी,

उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. कॅनडातला, हॅलिफॅक्सचा तुझा पत्ता चुलतभावानं दिला होता. पत्र परत आलं नाही, म्हणजे तू तिथेच आहेस एवढं कळलं.

गॉलवेच्या बाई आल्या. एथ्ना क्विल. बाई कसली, पोरगीच आहे, तीस-बत्तीसची. पायात गमबूट, खिशात दात घासायचे चार ब्रश. पॅकीनं ट्रॅक्टरनं उभ्या केलेल्या दगडाजवळ जी बसली ती चहालासुद्धा उठेना. शेवटी मीच ब्राउन ब्रेडचे तुकडे आणि लोणी अंगणात नेऊन दिलं. पॅकी कुंपणावर रेलून होता. त्याला राहवतंय होय?

"ताई, मी सांगतो त्याचा अर्थ," तो म्हणाला. "जन्म, मरण आणि पुन्हा जन्म. आमच्या मेव्हणीनं कॅव्हनच्या जत्रेत कानातले घेतले, त्याच्या पुठ्ठ्यावर छापलं होतं."

"पुठ्ठ्यावर छापलंय म्हणजे खरंच असणार," एथ्ना मान वर न करता म्हणाली.

मी म्हटलं, टॉर्मी मास्तर शाळेत सांगायचे की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. ती म्हणाली, ते तर ख्रिस्ताच्या आधी तीन हजारांहून जास्त वर्षं कोरलेलं आहे. मी म्हटलं, मग आपल्या केल्टिक पूर्वजांचं? तर म्हणे, केल्टिक लोक इथे यायच्या आधी दोन-अडीच हजार वर्षं हे कोरून तयार होतं. केल्टिक कारागीर आले त्यांच्याही हातात तिहेरी वळणं होतीच, काशाच्या ढालींवर आणि दागिन्यांवर. मग आपल्या भिक्षूंनी तीच शुभवर्तमानाच्या पोथ्यांत रंगवली, क्रुसांवर कोरली. प्रत्येकानं आपला अर्थ घातला. सूर्य म्हणा, तीन ऋतू म्हणा, जमीन-पाणी-आकाश म्हणा. पहिल्या माणसाच्या मनात काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही.

"इतकं शिकून तुम्हाला ठाऊक नाही?" पॅकी.

"इतकं शिकले म्हणूनच ठाऊक नाही असं सांगू शकते," ती म्हणाली. मला आवडली.

तिनं मला खाचेत बोट फिरवायला लावलं. मॅलकी, रेघ नाहीच ती. ठिपके आहेत. गारगोटीच्या टोकानं एकेक ठिपका ठोकत नेलाय, असे हजारो. पाठीवर तसेच, समोर तसेच. तेच अंतर, तीच खोली, अगदी एका हातचं काम. आणि पाठीवर उरलेला चुना भिंत बांधतानाचाच. दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशात आपला गोठा आहे, म्हणजे त्यानंतर त्या पाठीला कुणी शिवलेलं नाही. बॉइन नदीकाठच्या थडग्यांतसुद्धा म्हणे साठ-सत्तर सालच्या खोदकामात दगडांच्या अशा दडलेल्या पाठी कोरलेल्या सापडल्या. कुणी बघणार नाही अशा जागी! सत्तावन्न साली हे कुणाला माहीत होतं? बाबांना स्वप्नातही सुचलं नसतं.

मग ती समोरच्या बाजूला आली. "इथे पोलाद लागलंय. साहेबांनी ओरखडे पाहिले ते खोटं नव्हतं."

"बाबांनी खाचांतला चुना काढला."

"कशावरून? उद्या कुणी म्हणेल, अर्धवट खुणा होत्या, त्या यानं खोल केल्या."

"मी पाहिलं ना."

मॅलकी, हे माझ्या तोंडून गेलं. एका रविवारी तुम्ही सगळे मिस्सेला गेला होतात. माझा घसा धरला होता म्हणून मला घरी ठेवलं होतं. बाबाही गेले नव्हते. मी गोठ्याच्या खिडकीतून पाहिलं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं.

एथ्नानं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "दगडाला तुमच्या साक्षीची गरज नाही, मिस गार्गन. तुमच्या बाबांना आहे." आता ती डब्लिनच्या साहेबांची जुनी फाइल शोधणार आहे.

डर्व्हला


१९ एप्रिल १९९८

मॅलकी,

हे पत्र बसून वाच.

फाइल सापडली. एथ्ना स्वतः नक्कल घेऊन आली, टपालानं पाठवली नाही. स्वयंपाकघरात माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "मी बाहेर दगडाचं माप घेते. तुम्ही वाचा." तिला कळलं होतं.

त्यात साहेबांचं टिपण आहे आणि त्याला मास्तरांच्या सुरेख अक्षरातला एक कागद जोडलाय. वर लिहिलंय: 'बार्टल गार्गन यांची मुलगी, वय अकरा, हिच्या निबंधातून.'

मुलगी, मॅलकी. मुलगा नव्हे.

वर्गात विषय दिला होता, 'माझ्या घरातील माणसे'. मी लिहिलं: 'माझे बाबा दगडातून गोल काढतात. सगळे चर्चमध्ये असताना ते खिळा घेऊन बसतात. पांढरं दूध खाली वाहतं. ते गोल जगात सगळ्यांत सुंदर आहेत.' मला वहीत चांदणी मिळाली होती. मी चुगली करायला नव्हतं रे लिहिलं. मला त्यांचा अभिमान होता. आठ दिवसांनी साहेब त्याच शब्दांत बाबांना बोलले तेव्हा ते माझ्या वहीतलेच शब्द आहेत हे मला कळलं.

तू काटा खाली ठेवलास तेव्हा मी टेबलाच्या या बाजूला बसले होते. आईनं माझ्या ताटात बटाटा वाढला. मी तो खाल्ला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही, एवढंच मला सुचलं. तू गेलास त्या दिवशी सांगीन म्हटलं. मग बाबा दारू न पिताच मुकाट होत गेले, तेव्हा वाटलं आता सांगितलं तर ते मोडतील. एकाहत्तर साली ते गेले, तेव्हा वाटलं आता कुणाला सांगू? तू त्यांच्या मातीला आला नाहीस म्हणून गावानं तुला नावं ठेवली, आणि मी त्या सगळ्यांना सॅंडविचं वाढत होते. एकोणऐंशीत आई गेल्याचं तुला कळवलं ते चार ओळींचं कार्ड होतं. त्यात पाचवी ओळ मावली असती.

हे सगळं माझं. यात मास्तरांचं थोडं, साहेबांचं थोडं, पण बाकी माझं.

आता पुढचं ऐक, कारण ते तितकंच खरं आहे. एथ्ना आत आली, मी रडत होते, आणि ती त्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "पांढरं दूध. हे तुम्ही पाहिलं होतं?"

"हो. बादलीतलं पाणी दगडावरून खाली येत होतं. आईचा घासायचा ब्रश होता त्यांच्या हातात, आणि फडकं गुंडाळलेला वाकडा खिळा."

"दुधासारखं पांढरं?"

"अगदी."

"दगड करडा आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "कोरला असता तर पाणी करडं, चिखलासारखं आलं असतं. पांढरा निघतो तो फक्त चुना! ते कोरत नव्हते, धूत होते. आणि हे आज तुम्ही आठवून सांगत नाही, सत्तावन्न साली मुलीनं लिहिलंय आणि मास्तरांनी उतरवून घेतलंय. त्यांना दोषी ठरवणाऱ्या कागदातच त्यांची सुटका पडून होती. एकानंही नीट वाचला नाही!"

ती नाचली, मॅलकी. गमबुटांसकट, आपल्या स्वयंपाकघरात. मलाही ओढलं.

जूनमध्ये गावच्या हॉलमध्ये ती सगळं मांडणार आहे. तिनं विचारलं, निबंध कुणी वाचायचा? मी म्हटलं, ज्यानं लिहिला त्यानं. पण गावाच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

डर्व्हला


१६ जून १९९८

मॅलकी,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. फाटकाशी उभी राहूनच वाचली आणि मग पुन्हा आत येऊन. 'एक्केचाळीस वर्षं मी एका घराला मुकलो, आणि तू तिथे बसून बटाटे खात होतीस' हे तू लिहिलंस ते अक्षरन् अक्षर खरं आहे. 'मी नकार दिला नाही, कारण बापानं विचारायलाच नको होतं' हे मात्र मी आधी कधी समजून घेतलं नव्हतं. मला वाटायचं, तुला ठाऊक आहे आणि तू मला वाचवतोयस. म्हणजे त्यातही मी स्वतःलाच मध्ये आणून बसवलं होतं. बरं झालं लिहिलंस. जपून ठेवलंय.

आता रविवारचं सांगते. तुला ऐकायचं नसलं तरी सांगते.

हॉल खचाखच भरला. अडीचशे माणसं, खुर्च्या चर्चमधून आणल्या. एथ्नानं पडद्यावर दगडाची पाठ दाखवली, ठिपके दाखवले, जुना नकाशा दाखवला. लोक माना डोलवत होते, पण मागच्या रांगेतला, गुरांच्या बाजारातला दलाल उठला. त्याचा बाप तो, "आज छिन्नी नाही आणली?" म्हणणारा.

"पाठ जुनी आहे, कबूल. पण पुढची बाजू बार्टलनं सुधारली नाही कशावरून? घरातल्याच पोरानं सांगितलं होतं की!"

मी उठले. आवाज फुटला एकदाचा. म्हटलं, "पोरानं नाही. पोरीनं. मी."

मॅलकी, मी थांबले नाही. मी म्हटलं, "माझ्या भावाला तुम्ही चाळीस वर्षं घरभेदी म्हटलंत. मीही म्हणू दिलं. तो एक अक्षर बोलला नव्हता. बोलले ती मी, आणि काय बोलले ते आता ऐका." आणि निबंध वाचला. चार ओळींचा तर आहे. एथ्नानं एक करडा दगड आणि चुन्याचं ढेकूळ आणलं होतं, दोन काचेच्या ग्लासांत दोन्ही खरवडून दाखवलं. एक ग्लास गढूळ, एक दुधाळ. दुधाळ ग्लास तिनं त्या दलालाच्या हातात दिला.

त्यानं तो धरला. उजेडाकडे करून पाहिला. मग म्हणाला, "माझा बाप आज असता तर त्यानं बार्टलची माफी मागितली असती." पॅकी ओरडला, "तुझा बाप? त्यानं कधी गायीचं वयसुद्धा खरं सांगितलं नाही!" आणि सगळा हॉल हसला, दलालसुद्धा. हसता हसता तो माझ्यापर्यंत आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला.

टॉर्मी मास्तर अठ्ठ्याऐंशीचे आहेत, वृद्धाश्रमात असतात. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. मला वाकायला सांगितलं आणि कानात म्हणाले, "मी शुद्धलेखन तपासलं, डर्व्हला. मजकूर नाही वाचला." त्यांचे डोळे वाहत होते. मी पुसले. काय करणार?

आता सरकारी नोंद बदलतेय. त्यांनी आधी लिहिलं होतं, 'एका स्थानिक शेतकऱ्यास आढळलेला दगड'. मी कागद परत पाठवला. दुसऱ्यांदा आला, पुन्हा परत पाठवला. तिसऱ्यांदा बरोबर आला: 'हा दगड प्राचीन असल्याचे प्रथम ओळखले व कळवले: बार्टल गार्गन, शेतकरी, कॅरिकबॉन, १९५७.' दगड डब्लिनला न्यायचा म्हणत होते. त्यालाही नाही म्हटलं. आपल्याच अंगणात उभा राहील, दोन्ही बाजू मोकळ्या, वर छप्पर. वीस सप्टेंबरला समारंभ आहे.

ये असं म्हणायचा मला हक्क नाही. तारीख कळवली, एवढंच.

डर्व्हला


२८ सप्टेंबर १९९८

प्रिय मॅलकी,

तू काल विमानात बसलास, आणि मी आज लिहायला बसलेय. तोंडावर बोलायचं धैर्य आपल्या घराण्यात कुणालाच नाही.

'दगडासाठी येतोय, तुझ्यासाठी नाही' अशी तुझी तार आली तेव्हा पॅकीला वाचून दाखवली. तो म्हणाला, "दगडाला विमानतळावर न्यायला जमणार नाही, तू जा." गेले. तू टोपीखाली पूर्ण टकला झालायस हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू पहिलं वाक्य काय बोललास आठवतंय? "जाडी झालीस." मी इतकी सुखावले की रडायचंच विसरले.

पहिले दोन दिवस तू माझ्याशी धड बोलला नाहीस. ठीक आहे. सकाळी उठून दगडाजवळ जायचास, जहाजाच्या पत्र्याची सांध तपासावी तसं बोट त्या खाचेतून फिरवायचास. तिसऱ्या दिवशी मला हाक मारलीस. "इकडे बघ. प्रत्येक वेटोळ्यात दोन रेघा आहेत. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर यायचं. आलेल्या वाटेनं मागे फिरायचं नाही." मी विचारलं, हाच अर्थ का? तू म्हणालास, "अर्थ मला काय ठाऊक? मी वेल्डर आहे. काम कसं केलंय ते सांगतोय." आणि मग तू सरकून बाकावर जागा केलीस. मी बसले. तासभर तू एकेक ठिपका दाखवत गेलास आणि मी मोजत गेले. आयुष्यात इतकं भरपूर मी कुणाशी बोलले नाही.

आणि वीस तारीख! मला ती पुन्हापुन्हा लिहावीशी वाटते. अंगण माणसांनी गच्च, शाळेची पोरं कुंपणावर, बँडवाले, फादर, डब्लिनहून आलेले नवे साहेब. ते कागद काढून वाचू लागले. दगडाचं वय, महत्त्व, सगळं झकास. आणि शेवटी म्हणाले, "याचं श्रेय जातं ते श्री. बर्नार्ड गार्गन यांना."

बर्नार्ड! तिसऱ्या खेपेला मिळवलेलं नाव, आणि ऐन वेळी चुकलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून तुझा आवाज आला. बंदरावर क्रेनवाल्याला हाक मारायचा तो आवाज.

"बार्टल! बार्टल गार्गन! माझा बाप!"

एथ्ना म्हणते, आवाज डोंगरापलीकडे गेला असेल. साहेब गोरेमोरे झाले. आणि मग दलालानं टोपी काढून तेच नाव घेतलं, मग पॅकीनं, मग कुंपणावरच्या पोरांनी, मग सगळ्यांनीच, बार्टल गार्गन, बार्टल गार्गन, फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मीथनं गोल केल्यासारखं. साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला, दगडाकडे वळले आणि नाव पुन्हा घेतलं, नीट, सावकाश, तुझ्या उच्चारात.

तू माझा दंड धरला होतास. अजून दुखतोय. चार बोटांचे वळ आहेत, मी ते पॅकीला दाखवून आले.

फाटकाशी गाडी थांबलीय, कॉर्क परगण्याची नंबरपाटी आहे, चारजण उतरताहेत. आज ही तिसरी गाडी. पाकीट पॅकी टपालात टाकेल. मला जायला हवं. त्यांना आपल्या बाबांचा दगड दाखवायचाय.

तुझी
डर्व्हला